संवाहक ते भौतिकोपचारक : अर्जुनी मोरगावच्या निमित्तानें

भौतिकोपचार, ज्यास लोकव्यवहारांत फिजिओथेरपी म्हणतात, हा धंदा प्राचीन संवाहनकलेचाच वंशज होय, असें विधान वारंवार करण्यांत येतें. त्यास आधार मुळींच नाहीं असें नव्हे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील २४ व्या अध्यायांत अभ्यंग, व्यायाम व संवाहन यांचे गुण सांगितले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत संवाहक हा राजाच्या अंगसेवकांत येतो. आणि मृच्छकटिकांतील संवाहक तर हौसेनें शिकलेली कला पुढें पोटासाठीं चालवितो. परंतु कलेचें सातत्य निराळें व धंद्याचें निराळें. धंदा म्हटला कीं नेमलेलें शिक्षण, परीक्षा व नोंदणी हीं आलींच. आणि त्यांची वंशावळ पोथ्यांत सांपडत नाहीं.

ती १८९४ सालीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं स्थापिलेल्या मर्दनकारिणींच्या संस्थेपाशीं सुरू होते. तिनेंच १९४४ त भौतिकोपचार हें नांव धारण केलें. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें शाळा निघाली आणि १९५५ सालीं अखिल भारतीय संघ स्थापन झाला. पोलिओनें पंगु झालेलीं मुलें हें तेव्हांचें मोठें निमित्त होतें.

पूर्व विदर्भांत मात्र या धंद्याची कसोटी कुष्ठरोगानें घेतली. या रोगांत कोपराजवळचा मज्जातंतु दुखावला म्हणजे बोटें आंत वळतात, आणि अर्जुनी मोरगावसारख्या धानपिकाच्या तालुक्यांत रोवणी करणाराचा हात गेला म्हणजे पोटच गेलें. वेलोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं असे हात शस्त्रक्रियेनें सुधारण्याचा मार्ग दाखविला. पण तिच्या आधीं व नंतर बोटांस व्यायाम देणारा मनुष्य नसेल, तर ती व्यर्थ जाते. १९५५ त सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमांत पुढें भौतिकोपचार तंत्रज्ञ हें पद आलें. येथें धंद्यानें विजेच्या उपकरणांऐवजीं पाणी, तेल, आधारपट्टी व मऊ तळाचीं पादत्राणें हीं साधनें पत्करलीं. तेल तेंच, परंतु प्रयोजन निराळें : येथें तें बधिर कातडी फाटूं नये म्हणून. १९८० नंतर बहुविध औषधोपचारानें जंतु मरूं लागले, तरी वांकलेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत; म्हणून काम उरलेंच.

२००२ चा महाराष्ट्राचा व २०२१ चा केंद्राचा अधिनियम यांनीं या धंद्यास नोंदणीची चौकट दिली. ते छापील आहेत. ते नष्ट होणार नाहींत. भय आहे तें खालच्या कागदांचें. अर्जुनी मोरगावचा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशांत, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यांत, १९६० पासून महाराष्ट्रांत होता. जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा, पुढें गोंदिया. एकाच रोग्याच्या हाताची हकीकत अशी तीन राज्यांच्या व दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरण्याचा संभव आहे. बोटांच्या मोजमापाच्या वह्या, आधारपट्ट्यांच्या आकृत्या, तंत्रज्ञांच्या फिरतीच्या दैनंदिन्या यांस कोणी ऐतिहासिक साधन समजत नाहीं, म्हणून त्या रद्दींत जातात. आमच्या मतें संवाहनावरील दहाव्या पोथीपेक्षां अशी एक वही या धंद्याच्या इतिहासास अधिक उपकारक आहे. ज्या संग्राहकांस ती आढळेल, त्यांनीं रोग्यांचीं नांवें गुप्त राखून तिची नक्कल तरी करून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.