नॅक आली की आठवण, गेली की सामसूम

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या विद्यापीठ विभागातून फोन आला. एम.ए. होऊन बाहेर पडलो त्यानंतर पहिल्यांदाच. "सर, नॅकची टीम येतेय. माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म भरून द्याल का?" दिला भरून. फोन करणाऱ्या मुलीचा काय दोष? पण त्या दिवशी माटुंग्याची यूडीसीटी फार आठवली.

आज आपण तिला आयसीटी म्हणतो. मूळची ती मुंबई विद्यापीठाचा एक विभागच. नावातही 'युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट' होतंच. १ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला. मुंबईत तेव्हा कापडगिरण्यांचा जमाना, म्हणून केमिकल इंजिनिअरिंगसोबत कापडाचं रसायनशास्त्र शिकवायला घेतलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून विभागाचं एक दार कारखान्याकडे उघडं होतं.

त्या दारातून माणसं ये-जा करत राहिली. मनमोहन शर्मा तिथलेच विद्यार्थी. केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ मध्ये परत आले ते वयाच्या २७ व्या वर्षी प्राध्यापक म्हणून. पुढे १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले पहिले भारतीय इंजिनिअर. रघुनाथ माशेलकर, ज्येष्ठराज जोशी, गणपती यादव हे त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी. त्यातल्या जोशी आणि यादवांनी पुढे हीच संस्था चालवली.

दुसरीकडे केकी घरडा, अंजी रेड्डी असे विद्यार्थी कारखानदार झाले. कारखान्यात अडलेला प्रश्न घेऊन माणसं माटुंग्याला यायची, प्राध्यापक सल्ला द्यायचे, त्यातून संशोधनाला विषय मिळायचे. मग देणग्या आल्या, अध्यासनं उभी राहिली. २००८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामागे ही सगळी पुण्याई होती.

लगेच कुणी म्हणेल, "अहो, त्यांच्याकडे अंबानी शिकले. आमच्या मराठी-इतिहासाच्या विभागाला कोण देणगी देणार?" मान्य. पण आधी पैसा आला आणि मग नातं जुळलं, असं माटुंग्यातही झालं नाही. आधी कामाची देवाणघेवाण होती.

आपल्या विभागांची मुलं झेडपीच्या शाळेत शिकवतात, पेपरात बातम्या लिहितात, तहसील कचेरीत जुनी मोडी कागदपत्रं हाताळतात. शिकवलेल्यातलं काय उपयोगी पडलं, काय कमी पडलं, हे त्यांना कुणी विचारलंय? वर्षाकाठी प्रत्येकाला एक फोन, एक साधी वही, आणि जे कळेल त्यावरून अभ्यासक्रमात दोन बदल. याला ना इमारत लागते ना निधी.

नॅकच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत, म्हणून फोन येतो. येऊ दे. पण टीम गेल्यानंतरही तो यावा, एवढंच म्हणणं.

तुमच्या विभागाने तुम्हाला शेवटचं कधी आणि कशासाठी विचारलं? कमेंटमध्ये सांगा.