शर्यतीच्या कबुतरांना करंडीची सवय लावणे

शर्यतीच्या कबुतरांना करंडीची सवय लावणे हा कबुतरांच्या शर्यतीच्या तयारीतील, प्रत्यक्ष उड्डाणाच्या सरावापूर्वीचा टप्पा होय. शर्यतीचे कबुतर हे पारव्यापासून (कोलंबा लिव्हिया) निवडक पैदाशीने तयार झालेले असून, दूर नेऊन सोडले असता ते आपल्या ढाबळीकडे परत येते. मात्र सोडण्याच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास त्याला बंद करंडीत, परक्या पक्ष्यांच्या दाटीत आणि बहुधा रात्रभर करावा लागतो. या प्रवासाची सवय नसलेले पिल्लू थकलेल्या व तहानलेल्या स्थितीत आकाशात झेपावते. दिशा ओळखण्याची शक्ती शाबूत असूनही अशी पिल्ले वाटेत उतरतात आणि पुष्कळदा कायमची हरवतात. बेल्जियम, ब्रिटन, नेदरलँड्स या देशांत, जिथे हा खेळ रुजला, तिथले अनुभवी कबुतरपाळक म्हणूनच या टप्प्याला महत्त्व देतात.

पार्श्वभूमी

कबुतरांच्या शर्यतीचा खेळ एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये वाढला. रेल्वेमुळे पक्षी लांबवर पाठविणे सोपे झाले व हा खेळ कामगारवर्गात पसरला. ब्रिटनमध्ये, विशेषतः कोळसाखाणींच्या भागांत, कबुतरांनी भरलेल्या करंड्या रेल्वेने रवाना होत. ठरलेल्या स्थानकावरील कर्मचारी करंडी उघडून पक्षी सोडीत, सोडल्याची वेळ चिठ्ठीवर लिहीत आणि रिकामी करंडी परतीच्या गाडीने पाठवून देत. आता हे काम खास बांधणीच्या मालमोटारी करतात. पहिल्या महायुद्धात संदेशवाहक कबुतरे खंदकांपर्यंत नेण्यासाठी सैनिक वेताच्या करंड्या पाठीवर बांधून नेत, तेव्हाही करंडीतल्या पक्ष्याची अवस्था हाच काळजीचा विषय असे.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी (लांबच्या शर्यतीत त्याही आधी) पक्षी मंडळाकडे जमा होतात, त्यांच्या पायांतील कड्यांची नोंद होते व ते सामायिक करंड्यांत भरले जातात. वारा शांत असल्यास कबुतर ताशी साधारण 60 ते 75 किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे 300 किलोमीटरचे अंतर ते चार-पाच तासांत कापते, पण त्याआधी करंडीत काढलेले तास त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतात. ब्रिटनमध्ये त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांच्या शर्यती साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात होतात, त्यामुळे उन्हाळ्याची भर पडते.

पाण्याचा प्रश्न

करंडीची सवय म्हणजे भीती घालविणे, अशी सामान्य समजूत आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. या शिक्षणाचा गाभा पाणी पिण्यास शिकणे हाच आहे. ढाबळीत पाण्याचे भांडे जमिनीवर, ओळखीच्या जागी असते. प्रवासात मात्र पाण्याची पन्हळ करंडीच्या बाहेर अडकविलेली असते आणि पक्ष्याला गजांतून मान बाहेर काढून प्यावे लागते. कबुतर कोंबडीप्रमाणे घोट घेऊन मान वर करीत नाही. ते चोच पाण्यात बुडवून सलग ओढून पिते, म्हणून पन्हळीत पाणी पुरेसे खोल लागते. पहिल्यांदाच करंडीत बसलेल्या पिल्लाला पाणी हातभर अंतरावर असूनही ते सापडत नाही. दरम्यान तणावामुळे विष्ठा पातळ होते. कबुतराला घाम येत नाही. धाप टाकून आणि त्वचेतून बाष्प सोडून ते शरीर थंड ठेवते, त्यातही पाणीच खर्ची पडते.

यावरचा जुना उपाय साधा आहे. पन्हळीतील पाण्यात मक्याचे किंवा वाटाण्याचे चार दाणे टाकतात. दाण्यासाठी मान बाहेर काढणाऱ्या पिल्लाची चोच पाण्याला लागते. एकाने प्यायला सुरुवात केली की शेजारची पिल्ले त्याचे अनुकरण करतात. त्याच धर्तीची पन्हळ काही दिवस आधीपासून ढाबळीत वापरली, तर शिकणे आणखी सोपे जाते.

पद्धत

साधारण चौथ्या आठवड्यात पिल्ले आईबापांपासून वेगळी केली जातात. पुढे काही आठवडे ती ढाबळीभोवती उडतात व हळूहळू थव्याने दूरवर फेरी मारून येऊ लागतात. त्या सुमारास, किंवा त्याहीपूर्वी, उघडी करंडी ढाबळीत ठेवून देतात. तिच्यात थोडे दाणे टाकल्यास पिल्ले आपण होऊन आत-बाहेर करतात. नंतर दार तासाभरापुरते बंद केले जाते.

खरी कसोटी रात्रीच्या मुक्कामाची असते. संध्याकाळी पिल्लांना करंडीत ठेवून हलका चारा देतात आणि पन्हळ अडकवितात. चाऱ्यानंतर तहान लागतेच. सकाळी करंडी ढाबळीसमोर उघडली जाते, त्यामुळे बंदिवासाचा शेवट घरात होतो हे पिल्लाच्या मनात ठसते. असे मुक्काम तीन-चार वेळा तरी व्हावेत. त्यानंतर मोटारीतून एखादी फेरी मारून पक्षी न सोडता परत आणतात, आणि मगच पाच ते आठ किलोमीटरवरून पहिले उड्डाण होते. सोडण्याच्या जागी पोहोचल्याबरोबर झाकण उघडू नये. पंधरा-वीस मिनिटे पक्ष्यांना स्थिरावू द्यावे.

करंडीत पक्षी घालतानाही हाताळणी महत्त्वाची ठरते. पाय बोटांच्या मध्ये व पंखांची टोके अंगठ्याखाली धरून पक्षी सावकाश आत सोडतात. झडप घालून पकडलेले पिल्लू करंडीला नव्हे, तर माणसाच्या हातालाच भिऊ लागते. तळाशी लाकडाचा भुसा किंवा जाड नालीदार कागद अंथरतात. दाटी मात्र कटाक्षाने टाळावी लागते, कारण जागेसाठी होणाऱ्या भांडणात दुबळी पिल्ले कोपऱ्यात ढकलली जातात व पन्हळीपर्यंत पोहोचतच नाहीत.

रोगाचा धोका

जी पन्हळ पक्ष्याला वाचविते तीच रोगही पसरविते. ट्रायकोमोनास या परजीवीमुळे होणारा घशाचा रोग सामायिक पाण्यातून एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. प्रवासाच्या तणावात, अनेक ढाबळींतील पिल्ले एकत्र आल्यावर, उलट्या व हगवणीचा आजारही उद्भवतो. त्यात सर्कोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस आणि ई. कोलाय जिवाणू यांचा वाटा असतो. पॅरामिक्सोव्हायरसवरील लस अनेक देशांत शर्यतीसाठी सक्तीची आहे. स्वतःच्या ढाबळीतील सवयीच्या मुक्कामांत निदान परक्या पक्ष्यांचा संसर्ग नसतो. तरीही करंडी व पन्हळ प्रत्येक वेळी धुऊन वाळविणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतात परतीच्या कबुतरांच्या शर्यतींचे प्रमुख केंद्र चेन्नई आहे. तेथील स्पर्धकांना प्रवासाचा हा प्रश्न उन्हामुळे अधिक तीव्रतेने भेडसावतो. महाराष्ट्रात मात्र उंच उडणाऱ्या कबुतरांची परंपरा जुनी आहे. त्या स्पर्धेत पक्षी स्वतःच्या ढाबळीवरूनच उडतो व किती तास आकाशात राहिला यावर निकाल लागतो, त्यामुळे तेथे करंडीच्या सवयीची गरज भासत नाही.