कुलाब्याचा टिफ्रॅक आणि आपला कोपायलट

कोपायलट, कर्सर की क्लॉड कोड? भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडणाऱ्या आम्हा डेव्हलपरांचा हा रोजचा वाद. चर्चगेटच्या पुढे, कुलाब्यातल्या टीआयएफआरमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा देशी संगणक सुरू झाला. त्याचे प्रोग्रॅम यंत्रभाषेत, आकड्यांत लिहावे लागत. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला आणि फोर्ट्रानची सोय झाली: आपण सूत्रासारखं लिहायचं, यंत्रभाषेत उतरवायचं काम कंपायलरचं. तो कंपायलर त्याच ओळींचं दर वेळी तेच भाषांतर करी, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येई. आजचे एआय सहायक मात्र एकाच प्रश्नाला दोनदा वेगळा कोड देऊ शकतात. भराभर लिहिणारे तर सगळेच आहेत. ज्याचा कोड तुम्हाला वाचून समजतो आणि टेस्ट चालवून पडताळता येतो, तोच निवडा. कमिटवर नाव तुमचंच असतं.