खेळातील मोटार आणि तिची बॅटरी

दूर उभे राहून हातातील रेडिओयंत्राने चालवावयाच्या छोट्या मोटारी आता पुष्कळ घरांत आल्या आहेत. खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाएवढी ती प्रतिकृती अंगणातून धावू लागली, म्हणजे मुलांबरोबर वडीलधारी माणसेही कौतुकाने पाहत राहतात. अशा मोटारीच्या वेगाविषयी आणि चाकांविषयी बोलणारे भरपूर भेटतात. बॅटरीविषयी मात्र बहुतेकांचे ज्ञान ऐकीव असते. 'बॅटरी पुरती उतरवूनच पुन्हा भरावी,' असे एकजण सांगतो. 'ती सदैव भरलेली ठेवावी,' असे दुसरा सांगतो. हे दोन्ही उपदेश कोणे एके काळी, एकेका जातीच्या बॅटरीपुरते खरे होते. पुढे बॅटरीची जात बदलली आणि नियम तेवढा मागे उरला. म्हणून आज या बॅटरीचा इतिहास पाहावयाचा आहे. कारण तो न जाणता पाळलेला जुना नियम आज घराला आग लावू शकतो.

इटलीतील पाव्हिया येथील प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली धातूच्या चकत्यांची चळत रचून अखंड वाहणारी वीज मिळविली. ही चळत एकदा संपली की संपली. ती पुन्हा भरता येत नसे. ती सोय १८५९ साली फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी केली. शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून त्यांनी असा घट बनविला, की उलट दिशेने वीज सोडताच तो पुन्हा ताजा व्हावा. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात बिनतारी लहरींनी चालणारी एक लहान नाव लोकांना दाखविली, तीही पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीवरच चालत होती. आजच्या खेळातील मोटारींची ही पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

शिशाच्या घटाचा धर्म असा, की तो उतरलेल्या स्थितीत पडून राहिला तर पत्र्यांवर कठीण स्फटिक धरतात आणि घट निकामी होतो. तेव्हा तो नेहमी भरलेला ठेवणे हेच शहाणपणाचे. आपल्यांतील दुसरा उपदेश निघाला तो येथून.

परंतु शिसे जड. छोट्या मोटारीला ते ओझे झेपणारे नव्हे. स्वीडनचे वाल्डेमार युंगनेर यांनी १८९९ साली निकेल आणि कॅडमियम या धातूंचा घट तयार केला. पुढे १९४७ च्या सुमारास तो पूर्णपणे बंद डब्यात बसविण्याची युक्ती साधली, तेव्हा तो आडवा-उभा कसाही ठेवता येऊ लागला. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि विजेच्या मोटारींचा हा छंद जगभर फोफावला. त्या काळी या छंदाचे मुख्य बळ म्हणजे निकेल-कॅडमियमची बॅटरी. एका घटाचा दाब १.२ व्होल्ट; असे सहा घट एकापुढे एक जोडले की ७.२ व्होल्ट होतात. हा आकडा छंदी लोकांच्या अंगवळणी पडला.

या घटाला एक खोड होती. तो पुनःपुन्हा अर्धवट वापरून भरला, तर आपली पूर्ण शक्ती देईनासा होई. याला 'स्मृती' असे नाव पडले. म्हणून शर्यत संपली की उरलीसुरली वीज दिव्यावर जाळून बॅटरी उतरवावयाची, अशी चाल पडली. पहिल्या उपदेशाचा उगम हा. त्यातही मर्यादा होतीच. सहा घटांची माळ फार ओढली तर सर्वांत दुबळा घट उलटा भरला जाऊन कायमचा बिघडे.

कॅडमियम हे विषारी. त्याच्या जागी हायड्रोजन शोषून धरणारी मिश्रधातू वापरलेला निकेलचा घट १९८९ च्या सुमारास बाजारात आला. दाब तोच, साठा मात्र बराच अधिक. याला 'स्मृती'ची बाधा फारच थोडी. उलट तो कोरडा उतरवून महिनोन्‌महिने ठेवला तर खराब होतो. म्हणजे पहिल्या भावाला मानवणारी सवय धाकट्या भावाला बाधू लागली.

खरा पालट लिथियमने घडविला. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत लिथियमचा घट बनविला; पण शुद्ध लिथियम फार दाहक. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी त्यासाठी कोबाल्ट ऑक्साइड योजले. १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियमच्या जागी कार्बनयुक्त पदार्थ घातला. आणि १९९१ साली सोनी कंपनीने हा घट विक्रीस आणला. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच घराण्यातील चपट्या पिशवीच्या आकाराचा घट 'लिपो' या नावाने छंदी लोकांत रूढ झाला आहे.

येथेच सावध होण्याचे कारण आहे. लिथियमच्या एका घटाचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट, दोन घटांचे होतात ७.४. जुन्या ७.२ शी हा आकडा इतका जवळचा, की नवी बॅटरी जुन्या मोटारीत सहज बसते आणि मोटार अधिक जोमाने धावतेही. मग जुनाच चार्जर जोडावयास काय हरकत, असे वाटते. पण निकेलचा चार्जर घट भरल्यावर दाबात होणाऱ्या किंचित घटीची वाट पाहतो. लिथियमच्या घटात ती घट येतच नाही. चार्जर वीज ओततच राहतो. शिवाय आधीच्या घटांतील द्रव पाण्याचा होता, लिथियमच्या घटातील द्रव पेट घेणारा आहे. घट प्रथम फुगतो आणि पुढे भडकतो.

म्हणून लिथियमचे नियम वेगळे लक्षात ठेवावेत. प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. चार्जर लिथियमसाठीच बनविलेला आणि दोन्ही घट सारखे भरणारा असावा. मोटारीतील वेगनियंत्रक जुना असेल, तर तो वेळीच वीज तोडत नाही. तो आधी तपासावा. बॅटरी काही दिवस वापरावयाची नसेल, तर सुमारे ३.८ व्होल्टवर, म्हणजे अर्धवट भरलेली ठेवावी. पुरती भरलेलीही नको आणि उतरलेलीही नको. भरताना समोर माणूस हवा; अंथरुणावर किंवा कागदांच्या ढिगाजवळ भरू नये. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा भरू तर मुळीच नये.

निवड करताना नवशिक्याला व लहान मुलाला निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी द्यावी, असे माझे मत आहे. ती थोडी जड, वेगही थोडा कमी. पण चुकीला बरीच क्षमा करते. लिथियमच घ्यावयाची तर मोटारीसाठी कडक कवचाची घ्यावी. ठेच लागली तरी आतील पिशवी सुरक्षित राहते. वेष्टनावर छापलेल्या प्रवाहाच्या मोठमोठ्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

आणि बॅटरीचे आयुष्य संपल्यावर ती केरात टाकू नये. भारत सरकारने २०२२ साली केलेल्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण ती आपल्या हातून त्यांच्यापर्यंत पोचली तरच त्या नियमाचा उपयोग.

मुलाच्या हाती मोटार देताना एवढे करावे. तिच्यातील बॅटरी कोणत्या जातीची आहे, हे वेष्टनावरून त्यालाच वाचावयास लावावे, आणि मग त्या जातीचे नियम त्याच्याबरोबर बसून समजून घ्यावेत. शेजाऱ्याने सांगितलेला नियम खोटा असेलच असे नाही; तो दुसऱ्याच बॅटरीचा असण्याचा संभव मात्र पुष्कळ आहे.