अस्तंभा शिखर : यात्रेशिवाय चढायचं असेल तर हे लक्षात ठेवा

अस्तंभा हे सातपुड्यातलं 1325 मीटर उंचीचं शिखर आपल्या जिल्ह्यात, धडगाव (अक्राणी) तालुक्यात आहे. चिरंजीव अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत याच डोंगरात फिरतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास इथं यात्रा भरते. तेव्हा वाटेवर माणसंच माणसं असतात. एरवी मात्र डोंगर सुना असतो. पाय मुरगळला तरी हाक ऐकायला कोणी नसतं.

म्हणून एकट्यानं जाऊ नका. चार-सहा जणांचा गट करा आणि वाट माहीत असलेला पायथ्याच्या गावातला माणूस सोबत घ्या. पहाटेच निघा. चढ उभा आहे, वर दुकान नाही. माणशी किमान 3 लिटर पाणी, भाकरी, बॅटरी जवळ ठेवा. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. दुपारचे 12 वाजले की जिथं असाल तिथून परत फिरा, कारण उतरताना पाय जास्त घसरतात आणि अंधारात वाट सापडत नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका.

धोका रस्त्यावरही आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंभा यात्रेहून परतणारी पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि त्यात भाविकांचे जीव गेले. मालवाहू गाडीत माणसं भरून घाट उतरू नका.

डोंगरात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. निघण्याआधी घरी परतीची वेळ सांगून ठेवा. मदतीसाठी 108 किंवा 112 लावा.