बहुवापरकर्ता संगणकप्रणालीतील नेटवर्क प्रिंटर : रांग, नोंद आणि विश्वास यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना प्रक्रियक, स्मृती, भाषा आणि आज्ञावली यांचा विचार विस्ताराने केला जातो. प्रिंटरकडे मात्र केवळ एक जोडयंत्र म्हणून पाहिले जाते. वास्तविक अनेकांच्या वापरातील संगणकावर सर्वांत आधी सामायिक झालेल्या आणि त्यामुळे सर्वांत आधी वादाचा विषय ठरलेल्या वस्तूंपैकी प्रिंटर ही एक होय. कागद एकाच वेळी एकाच व्यक्तीचा छापता येतो. म्हणून आधी कोणाचे छापायचे, किती छापू द्यायचे, कोणाच्या नावावर मांडायचे आणि छापलेले कोणाच्या हाती पडू द्यायचे, हे प्रश्न तंत्रज्ञांना टाळता आले नाहीत. या प्रश्नांची उत्तरे त्यांनी ठरावांत नव्हे, तर प्रिंटरच्या मांडणीत लिहून ठेवली. प्रस्तुत लेखात या मांडणीचा एक ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. नेटवर्क प्रिंटरची मांडणी ही वरकरणी तांत्रिक दिसली तरी मूलतः ती प्रशासकीय कृती आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

स्पूलिंगचा उगम : वेगाकडून न्यायाकडे

आयबीएम कंपनीने १९५९ मध्ये १४०१ या संगणकाबरोबर १४०३ हा प्रिंटर बाजारात आणला. तो मिनिटाला ६०० ओळी छापत असे. त्या काळी हा वेग विलक्षण होता. तरीही संगणकाच्या अंतर्गत वेगाच्या तुलनेत तो अत्यंत मंद होता आणि छपाई संपेपर्यंत महागडा संगणक खोळंबून राहणे परवडणारे नव्हते. यावर उपाय म्हणून छापावयाचा मजकूर आधी टेपवर किंवा तबकडीवर साठवायचा आणि प्रिंटरने तो आपल्या गतीने उचलायचा, अशी पद्धत रूढ झाली. हिलाच स्पूलिंग म्हणतात. तिचा मूळ हेतू केवळ यंत्राचा वेळ वाचविणे हा होता.

नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकाच संगणकावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करू लागले आणि स्पूलिंगला दुसरा अर्थ प्राप्त झाला. दोन वापरकर्त्यांना थेट प्रिंटरवर लिहू दिले, तर एकाच्या ओळींत दुसऱ्याच्या ओळी मिसळणार, हे उघड होते. म्हणून कोणीही प्रिंटरला थेट हात लावायचा नाही. प्रत्येकाने आपली फाइल ठरलेल्या जागी ठेवायची आणि त्या फाइली क्रमाने प्रिंटरकडे पोचविण्याचे काम एकाच आज्ञावलीने करायचे, हा नियम आवश्यक ठरला. वेगासाठी निर्माण झालेली सोय अशा रीतीने न्यायाची व्यवस्था बनली.

प्रिंटकॅप : एक ऐतिहासिक दस्तऐवज

या व्यवस्थेचे सर्वांत सुस्पष्ट रूप कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत पाहावयास मिळते. तीत एलपीआर ही आज्ञा काम रांगेत ठेवी, एलपीक्यू रांग दाखवी, एलपीआरएम रांगेतील काम काढून टाकी, एलपीसी रांगेचे नियंत्रण करी आणि एलपीडी ही सतत जागी असणारी आज्ञावली प्रत्यक्ष छपाई घडवून आणी. प्रत्येक प्रिंटरचे वर्णन प्रिंटकॅप नावाच्या एका साध्या मजकूर फाइलीत केलेले असे.

बर्कले परंपरेतील ही फाइल इतिहासाच्या अभ्यासकाने एखाद्या दप्तराप्रमाणे वाचावी. तीतील प्रत्येक दोन अक्षरी खूण एका प्रशासकीय प्रश्नाचे उत्तर आहे. ‘एसडी’ ही खूण कामे कोठे साठवायची ते सांगते. ‘एमएक्स’ एका कामाचा कमाल आकार ठरविते आणि तेथे शून्य लिहिले की मर्यादा उठते. ‘एएफ’ हिशेबाची वही कोणती ते सांगते, तर ‘पीसी’ पानाचा दर नोंदविते. ‘आरजी’ ही खूण विशिष्ट गटाबाहेरील व्यक्तींना प्रिंटर बंद करते. ‘एसएच’ लिहिले नाही, तर प्रत्येक कामाच्या आधी वापरकर्त्याच्या नावाचे स्वतंत्र पान छापले जाते; कारण सामायिक ट्रेमधील कागद कोणाचे हे कळणे आवश्यक असते. ‘आरएम’ आणि ‘आरपी’ या खुणा प्रिंटर दुसऱ्या संगणकावर असल्यास त्या संगणकाचे आणि तेथील रांगेचे नाव देतात. नेटवर्क प्रिंटरची मांडणी तेव्हा मुख्यतः या दोन खुणांवर अवलंबून होती.

अधिकारांची वाटणीही तितकीच बोलकी आहे. रांग पाहण्याचा अधिकार सर्वांना होता. सामान्य वापरकर्त्यास रांगेतून केवळ स्वतःचे काम काढता येई. एखादे काम उचलून रांगेच्या आरंभी आणणारी टॉपक्यू ही आज्ञा मात्र प्रणालीच्या प्रशासकाखेरीज कोणासही वापरता येत नसे. प्रथम येणाऱ्यास प्रथम सेवा हा सर्वसाधारण नियम, अपवाद करण्याचा अधिकार एकाकडे आणि तो अपवाद सर्वांना दिसेल अशी उघडी रांग, ही तीन तत्त्वे या रचनेत एकत्र आलेली आहेत.

विश्वासाचे गृहीतक आणि त्याचा भंग

नेटवर्कवरून येणाऱ्या कामाबाबत बर्कलेची रचना विश्वासावर आधारलेली होती. ज्या संगणकांची नावे प्रशासकाने ठरावीक यादीत लिहिली असतील, त्यांच्याकडून आलेले काम स्वीकारले जाई. हा शिरस्ता ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात वर्णिला गेला. त्यानुसार प्रिंटरचा सर्व्हर ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि काम पाठविणाऱ्या संगणकाने ७२१ ते ७३१ यांपैकी एखाद्या पोर्टवरून बोलावे लागते. या मर्यादेमागे एक कारण होते. युनिक्सवर १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट केवळ प्रशासक उघडू शकतो. तेव्हा त्या पोर्टवरून आलेल्या कामाला पलीकडच्या जबाबदार प्रशासकाची हमी आहे, असे मानले जाई. वापरकर्त्याचे नाव पाठविणारा संगणकच कळवी. ते खरे की खोटे हे तपासण्याची सोय नव्हती.

एका विभागात एक संगणक आणि त्याला एक प्रशासक होता, तोवर हे गृहीतक टिकले. वैयक्तिक संगणकांचा प्रसार झाल्यावर प्रत्येक मेजावरची व्यक्ती स्वतःच प्रशासक झाली. आता कमी क्रमांकाचे पोर्ट उघडणे ही कोणत्याच अधिकाराची खूण राहिली नाही.

जाणण्याचा अधिकार

प्रिंटरच्या मांडणीतून उद्भवलेला दुसरा प्रश्न याहून दूरगामी ठरला. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत फेरफार करून अडचण आल्यास वापरकर्त्यांना टर्मिनलवर संदेश मिळण्याची सोय केली होती. सामायिक प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असेल, तर या संदेशाचे मोल सहज ध्यानात येईल. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेस नवा लेसर प्रिंटर दिला, परंतु त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता दिली नाही. पुढे ती संहिता जवळ असलेल्या दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाने गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन ती देण्यास नकार दिला. हा अनुभव आपल्या विचारांना वळण देणारा होता, असे स्टॉलमन यांनी पुढे अनेकदा सांगितले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे एकमेव कारण प्रिंटर होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि सामायिक यंत्र बिघडले असता ते का बिघडले हे जाणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्या वापरकर्त्यांना असावा की नसावा, हा प्रश्न एका प्रिंटरपाशी ऐरणीवर आला, ही बाब आकस्मिक नाही. खाजगी यंत्राचा बिघाड एकट्याला भोगावा लागतो. सामायिक यंत्राचा बिघाड सर्वांचा होतो.

प्रिंटरच संगणक होतो तेव्हा

१९८४ मध्ये एचपी कंपनीचा लेसरजेट आणि १९८५ मध्ये ॲपल कंपनीचा लेसररायटर बाजारात आला. लेसररायटरची किंमत ६,९९५ डॉलर होती. एवढे महाग यंत्र एका मेजासाठी घेणे कठीण, म्हणून ते ॲपलटॉक या जाळ्यावरून अनेकांनी वापरावे अशी योजना आरंभापासूनच करण्यात आली. त्यात अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा होती. मराठीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होय. आयबीएम १४०३ च्या साखळीवर प्रमाणित रूपात केवळ ४८ चिन्हे कोरलेली असत. देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा यांना तेथे वावच नव्हता. पोस्टस्क्रिप्टमध्ये अक्षराचा आकार मजकुरासोबत प्रवास करू शकतो. त्यामुळे दूरच्या प्रिंटरला देवनागरी ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

१९९१ मध्ये एचपीने जेटडायरेक्ट हे नेटवर्क कार्ड आणले आणि प्रिंटरला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळाला. मध्यस्थ संगणकाची आवश्यकता संपली. ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जो मजकूर येईल तो प्रिंटर छापू लागला. मांडणी अत्यंत सोपी झाली, पण या मार्गात सर्वांची एक रांग नव्हती, वापरकर्त्याच्या नावाची सक्ती नव्हती आणि हिशेबाची वहीही नव्हती. सोयीसाठी प्रशासनाचा त्याग केला गेला.

त्याग केलेल्या या गोष्टी परत आणण्याचा प्रयत्न १९९९ मध्ये प्रथम आणि सप्टेंबर २००० मध्ये सुधारित रूपात प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजेच आयपीपीमध्ये आढळतो. यात वापरकर्त्याची ओळख पटविणे, सांकेतिक रूपात मजकूर पाठविणे आणि कामाची स्थिती विचारणे यांची तरतूद आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये विकसित करण्यास घेतलेली कप्स ही मुक्त प्रणाली याच प्रोटोकॉलवर उभी आहे. ॲपलने २००२ मध्ये ती आपल्या मॅक प्रणालीत स्वीकारली आणि २००७ मध्ये तिची संहिता विकत घेतली. कप्समध्ये कोणास परवानगी आहे, ठरावीक काळात किती पाने छापता येतील आणि एका नावाखाली कोणते प्रिंटर एकत्र काम करतील, हे प्रशासक ठरवू शकतो. प्रिंटकॅपमधील जुने प्रश्नच येथे नव्या शब्दांत पुन्हा विचारलेले दिसतात.

विश्वासाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने आपल्या प्रसारासाठी विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील उणिवेचाही उपयोग केला होता. २०२१ मध्ये त्याच स्पूलरमधील प्रिंटनाइटमेअर ही गंभीर त्रुटी जगासमोर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या परिवारातील, नेटवर्कवरील प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या एका आज्ञावलीत त्रुटी आढळल्या. ‘मी प्रिंटर आहे’ असे सांगणाऱ्या कोणावरही ती विश्वास ठेवीत होती. चाळीस वर्षांपूर्वीचे गृहीतक वेगळ्या वेषात परत आले होते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रिंटरची रांग ही सामायिक साधनाच्या न्याय्य वाटपाची व्यवस्था आहे आणि ती उघडी असणे हा तिच्या न्याय्यतेचा भाग आहे. दुसरा, मांडणी जितकी सोपी केली जाते तितकी नोंद आणि उत्तरदायित्व निसटण्याचा संभव वाढतो. तिसरा, प्रत्येक पिढीतील मांडणी कोणावर तरी न तपासता विश्वास ठेवते आणि परिस्थिती पालटली की नेमका तोच दुवा तुटतो.

हे निष्कर्ष महाविद्यालयांना अप्रस्तुत नाहीत. आज अनेक विभाग मिळून एक प्रिंटर वापरतात. अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका, गुणपत्रके, चौकशी समितीचा अहवाल आणि सहलीची सूचना एकाच ट्रेमध्ये एकापाठोपाठ येऊन पडतात. प्रश्नपत्रिका ट्रेमध्ये राहिली, तर तिची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर प्रिंटर बसविताना कोणी तरी दिलेले असते. बहुधा काहीही न ठरविता दिलेले असते. काम प्रत्यक्ष प्रिंटरपाशी जाऊन ओळख पटविल्यावरच छापले जावे, छपाईची नोंद राहावी, नोंद कोण पाहू शकेल हे लेखी ठरावे आणि रांग सर्वांना दिसावी, एवढ्या बाबी आज उपलब्ध साधनांनी शक्य आहेत. त्या ठरविण्याचे काम प्रिंटर बसविण्यास येणाऱ्या तंत्रज्ञावर सोपविणे इष्ट नाही. ते अध्यापकांच्या सभेचे काम आहे.