'माय व्हिलेज' नक्की कुणाचं? धाराशिवच्या इंग्रजी वहीची गोष्ट

एसटीत बसला असाल, मेसच्या रांगेत उभे असाल, नाहीतर रात्री मोटार चालू करायला शेतात निघाला असाल, हेडफोन नीट लावा. आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज बोलायचंय इंग्रजीच्या निबंधवहीबद्दल. दोनशे पानी, तपकिरी कव्हर घातलेली, समासात लाल पेनानं रेघोट्या मारलेली. तुमच्याकडेही होती. तिलाही इतिहास आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातून जातो.

आधी माझी गोष्ट सांगतो.

मी कळंब तालुक्यातला. दहावीला होतो २०१६ साली. तो दुष्काळ आठवत असेल तर काही सांगायला नको. आमच्या बाजूचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. जिथं एरवी पाणी असायचं तिथं भेगाळलेल्या गाळावर पोरं क्रिकेट खेळायची. गावात टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक. आई रात्रीच घागरी नंबराला लावून ठेवायची.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या चाचणीत प्रश्न आला: पाणीपुरवठा अनियमित आहे, संबंधित अधिकाऱ्याला तक्रारीचं पत्र लिहा. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच! मी सुटलोच. टँकर, घागरी, आईची रात्र, धरणातलं क्रिकेट, सगळं लिहिलं. इंग्रजी कसलं होतं म्हणता? 'माय मदर इज सिटिंग फुल नाइट फॉर वॉटर.' असलं.

चार मार्कांपैकी एक मिळाला. खाली लाल पेनानं लिहिलेलं: 'नॉट इन फॉरमॅट'. सर वाईट नव्हते, उलट जीव लावणारे होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "बाळा, गाइडमधलं पत्र पाठ कर. बोर्डात तुझी आई कुणी वाचत नाही."

मी पाठ केलं. त्या पत्रात एक कॉलनी होती, तिथं दिवसातून दोनदा नळाला पाणी यायचं आणि गेले दोन आठवडे ते एकदाच येत होतं. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी नळच नव्हता. तरी सगळ्यांनी त्या कॉलनीच्या वतीनं तक्रार केली, आणि सगळ्यांना मार्क मिळाले.

परीक्षा संपली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. मग देशभरातले इंग्रजी पत्रकार आपल्या भागात आले. घागरींच्या रांगा, कोरडं धरण, रात्रभर जागणाऱ्या बाया, सगळं इंग्रजीत छापून आलं. ते वाचताना माझ्या डोक्यात एकच विचार: हे तर मी लिहिलं होतं! मग ते लिहायचं काम माझं का नव्हतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधत आपण मागं जाऊ. थेट १८५३ सालात.

त्या वर्षी निजामानं इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या खर्चापोटी काही मुलूख त्यांच्या हवाली केला. त्यात वऱ्हाड होता, रायचूरचा दुआब होता आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा भागही होता. नळदुर्गला कारभारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. हा साधा अधिकारी नव्हता. १८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी इंग्लंडात गाजून गेली होती. आणि गंमत बघा, हा गडी पंधराएक वर्षांचा असताना, म्हणजे आपल्या दहावीच्या वयात, नोकरीसाठी जहाजानं मुंबईला आला होता. लिहायला शिकला तो काम करता करता आणि माणसं बघता बघता.

टेलर १८५७ पर्यंत नळदुर्गला होता. पुढं १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही कादंबरी आली. तिचं कथानक कुठं घडतं? तुळजापूरला! भवानीचं देऊळ, तिथले पुजारी, आपले डोंगर. आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये आत्मचरित्र आलं, त्याचं नाव 'द स्टोरी ऑफ माय लाइफ'. म्हणजे आपल्या मातीबद्दल इंग्रजीत 'माय' म्हणून लिहिणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक हा परदेशी अधिकारी. त्याला माया होती, हे मान्य. पण तुळजापूरचं वर्णन तुळजापूरच्या पोरानं नाही, त्यानं लिहिलं.

१८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. त्यामुळं एक मोठा फरक पडला. पलीकडं सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, अलीकडं आपण हैदराबाद संस्थानात. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, मॅट्रिक सुरू झाली आणि तिकडं इंग्रजी ही नोकरीची शिडी बनली. इकडं दरबारची भाषा आधी फारसी होती, मग १८८० च्या दशकात उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, त्याचं माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. आता आपल्याकडचं एखादं लेकरू डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी, कचेरीत उर्दू, वरच्या शिक्षणाला इंग्रजी. तीन भाषा, तीन लिप्या.

आणि इंग्रजीच्या तासाला लिहायचं काय? मुख्यतः भाषांतर. मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला चालली. वाक्य घ्या, नियम लावा, इंग्रजी करा. व्याकरण असं पक्कं व्हायचं की 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दच रूढ झाला. यामागचं कारण साधं होतं. राज्याला कारकून हवा होता. कारकुनानं दुसऱ्याचं म्हणणं बिनचूक उतरवायचं असतं. त्याचं स्वतःचं म्हणणं काय, हे कुणी विचारत नाही. आपल्या वहीतली पहिली अपेक्षा ही तिथली.

पण याच जिल्ह्यात दुसरी एक शाळा होती. हिप्परगा. असहकाराच्या लाटेत, १९२१ मध्ये, इथं राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारी मदत नाही, शिक्षण मराठीतून. पुढं या शाळेचे मुख्याध्यापक झाले व्यंकटेश खेडगीकर. हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण याच हिप्परग्यात त्यांनी संन्यास घेतला आणि ते झाले स्वामी रामानंद तीर्थ. नंतर ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले, आणि तिथून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ची सुट्टी आपण घेतो, तिच्यामागं हा हेडमास्तर आहे.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. स्वामीजींनी या लढ्याच्या आठवणी पुस्तकरूपात आणल्या, साल १९६७. कोणत्या भाषेत? इंग्रजीत. 'मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल'. मराठी शाळा चालवणारा माणूस इंग्रजीकडं का वळला? मला वाटतं, कारण लढाच तीन भाषांचा होता. मराठवाड्यात मराठी, तेलंगणात तेलुगू, कर्नाटकाच्या जिल्ह्यांत कन्नड. सगळ्यांना आणि दिल्लीलाही एकदम ऐकू जाईल असं सांगायचं, तर त्या काळी इंग्रजी सोयीची होती. टेलरनंतर नव्वद वर्षांनी आपल्या भागाबद्दल पुन्हा इंग्रजीत आत्मकथन आलं, पण या वेळी लिहिणारा इथं राबलेला, इथल्या पोरांना शिकवलेला, तुरुंगात गेलेला माणूस होता.

म्हणजे इंग्रजी लिहिण्याच्या दोन वाटा आपल्याच जिल्ह्यात होत्या. एक कारकुनाची: दुसऱ्याचं बिनचूक उतरवा. दुसरी स्वामीजींची: आपलं सांगायचंय, म्हणून ही भाषा वापरा.

शाळेनं कोणती उचलली, ते तुम्हाला माहीत आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६६ पासून राज्य मंडळ आलं. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. भाषांतराच्या जागी पत्र, संवाद, बातमी, गोष्ट पूर्ण करा, असे प्रश्न आले. कागदावर बघितलं तर हे सगळे प्रश्न 'तुझं सांग' असंच म्हणतात. पण पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो. पत्ता, तारीख, विषय, 'युअर्स फेथफुली' हे पटकन मोजता येतं, सगळ्यांना सारखं मोजता येतं. माझ्या आईची रात्र किती मार्कांची, हे कसं मोजणार?

आणि फॉरमॅटला नुसत्या शिव्या घालणंही बरोबर नाही. ज्याच्या घरात इंग्रजीचा एक शब्द नाही, त्याला पाठ केलेल्या पत्रानं पास केलंय. आमच्या वर्गातली अर्धी पोरं त्या खोट्या कॉलनीच्या जोरावर अकरावीला गेली. सरांना हे माहीत होतं, म्हणून ते तसं बोलले. पण त्याची किंमत काय, ते मला पुण्यात कळलं. पहिल्या इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. माझ्या तोंडून काय आलं? बारमाही वाहणारी नदी आणि नारळाची झाडं. कळंबला नारळ! दहा वर्षं इंग्रजी लिहून मला माझं गावच इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो. भाची आठवीत आहे. तिला निबंध दिलेला, अर्थातच 'माय व्हिलेज'. तिनं मोबाइलला सांगितलं आणि दहा सेकंदांत निबंध तयार. बारमाही नदी त्यातही होती. गाइड गेलं, नदी राहिली.

मी म्हटलं, "आपल्या गावात नदी कधी आटते गं?"

"मार्चमध्ये. मामा, तुला माहीत नाही व्हय?"

"मग ते लिही."

"मार्क जातील की!"

खरंय, जातीलही. म्हणून आम्ही तोडगा काढला. पहिला आणि शेवटचा परिच्छेद फॉरमॅटचा, मधली पाच वाक्यं तिची. तिनं लिहिलं की नदी मार्चमध्ये आटते, मग तिच्यातून शाळेला जायचा रस्ता जवळ पडतो. मला हे सुचलं नसतं. टेलरलाही सुचलं नसतं, कारण तो त्या वाटेनं शाळेत गेला नव्हता.

दोन स्पेलिंगं चुकली होती. मी दुरुस्त केली नाहीत, तिच्या बाईंना सोडली. मार्क किती मिळाले ते अजून कळलेलं नाही, कळलं की पुढच्या भागात सांगतो.

तोवर एक काम करा. तुमच्या गावाबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं लिहा, जी कुठल्याच गाइडमध्ये सापडणार नाहीत. चुकली तरी चालतील. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि एसटीत असाल तर तुमचा स्टॉप आलाय का बघा!